ग्रामपंचायतीची वार्षिक अंतर्गत तपासणी कशी करावी

ग्रामपंचायतीच्या हिशेबांची कायदेशीर तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो आणि तिची मुळे १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियमापर्यंत जातात. ही तपासणी आवश्यकच आहे. परंतु ती वर्ष संपल्यानंतर, पुष्कळदा बराच काळ लोटल्यावर होते. तोपर्यंत हिशेब लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झालेली असते, काम करणारा ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो आणि सरपंचपदावर दुसरी व्यक्ती असते. मार्चमध्ये दहा मिनिटांत सापडले असते असे प्रमाणक (खर्चाच्या पुराव्याचा कागद) तेव्हा सापडत नाही, आणि राहून गेलेली एखादी साधी नोंदसुद्धा वसुलीपात्र रक्कम म्हणून अहवालात येते. म्हणूनच दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत पंचायतीने आपले दप्तर स्वतः तपासावे, जे चुकले असेल ते माणसे आणि कागद हाताशी असतानाच दुरुस्त करावे आणि त्याचा लेखी अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा. पुढील मार्गदर्शन सरपंच, सदस्य आणि गावाच्या कारभारात लक्ष घालू इच्छिणारे ग्रामस्थ यांच्यासाठी आहे. हिशेबाचे औपचारिक शिक्षण नसलेल्या माणसालाही यांतील बहुतेक तपासण्या करता येतात.

तपासणी कोणी करावी

ज्याने नोंद केली त्याने ती तपासू नये, हा पहिला नियम आहे. ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ मध्ये ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून हे पदनाम ठरवण्यात आले) हिशेब लिहितात, आणि सरपंच व ते मिळून रक्कम अदा करतात. त्यामुळे या दोघांनी तपासणीच्या वेळी उपस्थित राहून प्रश्नांची उत्तरे द्यावीत, कागद दाखवावेत. परंतु तपासणारे म्हणून बसू नये. मासिक सभेत ठराव करून तीन जणांचे पथक नेमणे सोयीचे होते. त्यात अदायगीवर सही न करणारे दोन सदस्य असावेत, त्यांपैकी एक शक्यतो सरपंचांच्या गटाबाहेरचा असावा, आणि तिसरी व्यक्ती हिशेबाची जाण असलेली ग्रामस्थ असावी: निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षक किंवा सहकारी संस्थेत सचिव म्हणून काम केलेली व्यक्ती. विरोधी गटाच्या सदस्याला घेण्यास अनेक ठिकाणी कुरकुर होते, पण माझ्या मते त्याचाच सहभाग अहवालाला वजन देतो, कारण ज्या पथकात सगळेच एका बाजूचे आहेत त्याच्या निष्कर्षावर उरलेले गाव विश्वास ठेवत नाही.

ठरावात तपासणीचे आर्थिक वर्ष, सुरू होण्याची व संपण्याची तारीख, तपासायची दप्तरे आणि मूळ कागद कार्यालयाबाहेर जाणार नाहीत ही अट स्पष्ट लिहावी. या पथकाला कोणावर वसुली बसवण्याचा किंवा खर्च नामंजूर करण्याचा अधिकार नाही, आणि कायद्याने ठरवलेल्या लेखापरीक्षणाची जागाही ते घेत नाही. त्याचे काम पाहणे, विचारणे आणि लिहून ठेवणे एवढेच आहे. विस्तार अधिकाऱ्यांची दप्तर तपासणी त्या वर्षात झाली असेल, तर तिचा अहवाल पथकाने सर्वांत आधी वाचावा. तेथे दाखवलेली उणीव वर्षभर तशीच राहिली असेल तर काम कोठून सुरू करायचे हे आपोआप ठरते.

३१ मार्चचे दप्तर

महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखा संहिता, २०११ नुसार पंचायतीचे दप्तर नमुना १ ते ३३ मध्ये ठेवायचे असते. सगळे नमुने एकाच वेळी उघडून बसल्यास पथक पहिल्याच दिवशी थकते. आरंभी फक्त नमुना ५ म्हणजे सामान्य रोकड वही, नमुना ५क म्हणजे दैनिक रोकड वही, नमुना ३ म्हणजे जमाखर्चाचे विवरण आणि सर्व बँक खात्यांची पूर्ण वर्षाची विवरणपत्रे एवढेच टेबलावर घ्यावे. रोकड वही ३१ मार्चला बंद केलेली असावी, अखेरची शिल्लक अंकात व अक्षरात लिहिलेली असावी आणि तिच्याखाली सही व तारीख असावी. बंद केलेल्या ओळीखाली नंतर घुसवलेली नोंद, खाडाखोड करून त्यावर सही नसणे, मध्येच कोरे सोडलेले पान, यांपैकी काहीही दिसल्यास पान क्रमांकासह लिहून ठेवावे.

त्यानंतर हाताने लिहिलेली रोकड वही आणि ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या संगणकीय प्रणालीतील रोकड वही यांची महिनावार बेरीज समोरासमोर ठेवावी. ही प्रणाली २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली आणि वित्त आयोगाच्या निधीतील अदायगी तिच्यातूनच होते. दोन्हींत फरक असेल तर बहुधा एखादा व्यवहार एकीकडे नोंदवायचा राहून गेलेला असतो, किंवा खर्च वेगळ्या लेखाशीर्षाखाली टाकलेला असतो. प्रणालीतील वर्ष बंद करण्याआधीच हा फरक दूर करावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळातील अनुदानासाठी मागील वर्षाचे तात्पुरते हिशेब आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब सर्वांना पाहता येतील असे ऑनलाइन उपलब्ध असण्याची अट घातली होती. हिशेब वेळेवर बंद न होण्याची किंमत त्यामुळे थेट गावाच्या पाणी आणि स्वच्छतेच्या पैशाला मोजावी लागू शकते, हे सदस्यांनी नीट समजून घ्यावे.

बँक आणि रोकड वही यांचा मेळ

माझ्या अनुभवात तपासणीचा निम्मा वेळ येथे द्यावा, कारण गैरव्यवहार असो की निष्काळजीपणा, दोन्हींच्या खुणा याच ठिकाणी लवकर दिसतात. ग्रामनिधी, पाणीपुरवठा निधी, वित्त आयोगाचा निधी अशी पंचायतीची वेगवेगळी खाती असतात. प्रत्येक खात्याचे ताळमेळ पत्रक स्वतंत्र करावे. गावात कोणालाच माहीत नसलेले, जुन्या एखाद्या योजनेसाठी उघडलेले आणि विसरलेले खातेही शोधावे. त्यासाठी गावातील व तालुक्यातील बँकांना पत्र देऊन ग्रामपंचायतीच्या नावावरील सर्व खात्यांची ३१ मार्चची शिल्लक लेखी मागवावी. पासबुकाची छायाप्रत पुरेशी मानू नये. बँकेने थेट दिलेले पत्र किंवा विवरणपत्र घ्यावे.

ताळमेळाची रीत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ग्रामनिधीच्या रोकड वहीत ३१ मार्चची बँक शिल्लक ४,८२,५०० रुपये आहे आणि बँकेच्या विवरणपत्रात ती ५,३१,२०० रुपये दिसते. दिलेले परंतु अद्याप न वटलेले धनादेश ५६,००० रुपयांचे आहेत. ते रोकड वहीच्या शिलकेत मिळवले की ५,३८,५०० होतात. बँकेने ७,३०० रुपये व्याज जमा केले आहे, पण वहीत त्याची नोंद नाही. ते मिळवून ५,४५,८०० होतात. शेवटच्या दिवशी वसूल केलेले १४,००० रुपये वहीत जमा आहेत, पण बँकेत २ एप्रिलला भरले गेले. ते वजा केल्यावर ५,३१,८०० उरतात. बँकेने कापलेले ६०० रुपये शुल्क वजा केले की ५,३१,२०० हा आकडा जुळतो.

आकडा जुळला म्हणून येथे थांबू नये. प्रत्येक फरकाच्या मागे जावे. न वटलेले धनादेश कोणाच्या नावाचे आहेत आणि कोणत्या तारखेचे आहेत ते पाहावे, कारण धनादेशाची मुदत तीन महिन्यांचीच असते आणि मुदत उलटलेला धनादेश पुन्हा जमेत घेऊन त्याचा निर्णय सभेपुढे ठेवावा लागतो. व्याज आणि शुल्क यांच्या नोंदी त्याच महिन्यात का झाल्या नाहीत ते विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ३१ मार्चचे १४,००० रुपये २ एप्रिलला खरोखर भरले गेले का आणि ते त्याच वसुलीचे होते का, हे एप्रिलच्या विवरणपत्रावरून पडताळावे. वर्षअखेरीस हातात असल्याचे दाखवलेली रोख रक्कम पुढील महिन्यात बँकेत पोहोचलीच नाही, असे आढळल्यास ती गंभीर बाब आहे आणि त्याच दिवशी लेखी स्पष्टीकरण मागवले पाहिजे. ऑनलाइन पाठवलेली एखादी रक्कम खाते क्रमांक चुकल्याने परत आली असेल, तर ती परत जमेस घेतली आहे का, हेही याच वेळी पाहावे.

वर्षातून एकदा हा मेळ घालणे ही किमान गोष्ट झाली. तो दरमहा व्हावा आणि मासिक सभेच्या इतिवृत्तात त्याचा उल्लेख यावा, अशी शिफारस पथकाने अहवालात अवश्य करावी.

कर मागणी आणि वसुली

पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्तीसारख्या करांतून येते. नमुना ८ ही कर आकारणीची, तर नमुना ९ ही कर मागणीची नोंदवही आहे. पहिली पडताळणी साध्या गणिताची आहे: मागील वर्षाच्या अखेरची थकबाकी आणि या वर्षाच्या सुरुवातीची थकबाकी पैशापर्यंत सारखी असली पाहिजे. ती सारखी नसेल, तर मध्ये कोणाची तरी बाकी ठरावाशिवाय पुसली गेली आहे किंवा बेरीज चुकली आहे. थकबाकीत चालू मागणी मिळवून, त्यातून वसुली आणि सक्षम मंजुरीने दिलेली सूट वजा केली की वर्षअखेरची बाकी मिळते. हा हिशेब संपूर्ण गावाच्या बेरजेवर करावा आणि त्याशिवाय निवडक पंचवीस-तीस खातेदारांसाठी वेगळाही करावा.

दुसरी पडताळणी कार्यालयात बसून होत नाही. पथकाने एका गल्लीतून किंवा वस्तीतून चालत जावे, नवीन बांधलेली घरे, दुकानांचे गाळे, वाढवलेले मजले, मोबाइल मनोरे, शेडमध्ये चालणारे व्यवसाय यांतील काही निवडावेत आणि परत येऊन ते नमुना ८ मध्ये शोधावेत. वहीतून जमिनीवर गेल्यास नोंदलेली मालमत्ता खरी आहे की नाही एवढेच कळते; जमिनीवरून वहीत आल्यावरच कोणती मालमत्ता नोंदलीच गेलेली नाही हे कळते. पंचायतीच्या उत्पन्नाची खरी गळती दुसऱ्या प्रकारात असते. घरपट्टीची आकारणी यादी चार वर्षांतून एकदा सुधारायची असते आणि २०१५ च्या अखेरीस नियम बदलून आकारणी भांडवली मूल्यावर आधारित करण्यात आली. शेवटची फेरआकारणी केव्हा झाली ही तारीख अहवालात लिहावी.

पावत्यांची तपासणी कंटाळवाणी आहे, पण तिला पर्याय नाही. कराची पावती नमुना १० मध्ये आणि इतर जमेची नमुना ७ मध्ये दिली जाते. छापून आलेली पावती पुस्तके साठा नोंदीत आहेत का, कोणते पुस्तक कोणत्या वसुली कर्मचाऱ्याला कोणत्या तारखेला दिले, वापरून झालेले पुस्तक परत आले का, हे क्रमांकानुसार पाहावे. मध्येच गहाळ असलेला पावती क्रमांक आणि दोन्ही प्रती जागेवर नसलेली रद्द पावती, या दोन गोष्टी शोधायच्या असतात. त्यानंतर काही पावत्यांची स्थळप्रत (कार्यालयात राहणारी प्रत) घेऊन ती रक्कम रोकड वहीत कोणत्या तारखेला आली आणि बँकेत कोणत्या तारखेला गेली हे तपासावे. वसुलीची रक्कम बँकेत न भरता परस्पर खर्च करण्याची सवय अनेक पंचायतींत चालत आलेली आहे आणि लेखापरीक्षणात तिच्यावर हमखास आक्षेप येतो. खर्च योग्य कामासाठी झाला होता, हे तिचे उत्तर होऊ शकत नाही. निवडलेल्या खातेदारांपैकी काहींच्या घरी जाऊन त्यांच्याकडील मूळ पावती स्थळप्रतीशी जुळवून पाहिल्यास कमी रकमेची स्थळप्रत लिहिण्याचा प्रकार उघड होतो.

थकबाकीदारांच्या यादीत पंचायत सदस्यांची नावे आहेत का, हेही पाहणे पथकाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार मागणीचे देयक मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अनर्ह ठरू शकतो. ही तपासणी अवघड वाटते, कारण समोर बसलेल्या सहकाऱ्याचे नाव लिहावे लागते. परंतु सामान्य थकबाकीदाराला कलम १२९ खाली नोटीस काढणाऱ्या पंचायतीने आधी स्वतःच्या सदस्यांची बाकी निरंक केली पाहिजे.

खर्च आणि विकासकामे

खर्चाच्या सगळ्या प्रमाणकांची तपासणी शक्य नसेल, तर मोठ्या रकमेची सर्व प्रमाणके आणि उरलेल्यांतून दर महिन्याची काही अशी निवड करावी. मार्च महिन्यातील प्रमाणके मात्र एकही न सोडता पाहावीत, कारण निधी परत जाऊ नये म्हणून वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात घाईने केलेल्या अदायगीत काम अपुरे असताना पूर्ण देयक दिल्याची शक्यता अधिक असते. प्रत्येक प्रमाणकावर ठराव क्रमांक, देयक, माल मिळाल्याची किंवा काम झाल्याची नोंद, मंजुरीची सही आणि अंदाजपत्रकातील तरतूद असली पाहिजे. तरतूद नसताना खर्च झाला असेल, तर नमुना २ मध्ये पुनर्विनियोजन, म्हणजे एका शीर्षाची तरतूद दुसऱ्याकडे वळवणे, केले आहे का ते पाहावे.

विकासकामाच्या फाइलमध्ये कागद कोणत्या क्रमाने यायला हवेत हे सदस्यांनी लक्षात ठेवावे: ग्रामसभेच्या आराखड्यात कामाचा समावेश, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, दरपत्रके किंवा निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप, देयक, कपाती, पूर्णत्वाचा दाखला. प्रत्येक कागदाची तारीख एका कोऱ्या कागदावर उतरवावी. कार्यारंभ आदेशाआधीची मोजमापाची तारीख, किंवा तांत्रिक मान्यतेआधी मागवलेली दरपत्रके, अशा उलट्या तारखा या साध्या यादीतूनच डोळ्यांत भरतात. एकच काम दोन-तीन तुकड्यांत दाखवून निविदेची मर्यादा टाळली आहे का, तीन दरपत्रकांची भाषा आणि अक्षर एकच आहे का, हेही पाहावे.

मग मोजपट्टी घेऊन जागेवर जावे. मोजमाप वहीत काँक्रीट रस्त्याची लांबी १२० मीटर आणि रुंदी ३ मीटर लिहिली असेल, तर ती कोणत्याही ग्रामस्थाला मोजता येते; त्यासाठी अभियंता लागत नाही. जाडी आणि प्रतवारी मात्र तांत्रिक बाब आहे, तिच्याबद्दल शंका असल्यास पंचायत समितीच्या उपअभियंत्याकडे लेखी विचारणा करावी आणि स्वतः निष्कर्ष काढू नये. मोजताना हाच रस्ता किंवा हेच गटार मागील दोन-तीन वर्षांत दुसऱ्या योजनेतून झालेले नाही ना, हे नमुना २३ म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीवरून आणि शेजारच्या रहिवाशांना विचारून पाहावे. आमदार निधी, जिल्हा परिषदेचा निधी आणि वित्त आयोग यांतून एकाच जागी काम दाखवले जाण्याचा धोका खरा आहे, आणि तो शोधण्याच्या दृष्टीने त्या गल्लीत राहणारी माणसे कोणत्याही बाहेरच्या तपासनिसापेक्षा अधिक जाणतात.

कपातींकडे सहसा दुर्लक्ष होते. ठेकेदाराच्या देयकातून आयकर, करार अडीच लाख रुपयांहून अधिक असल्यास वस्तू व सेवा कराची २ टक्के कपात, बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर आणि गौण खनिजाचे स्वामित्वधन कापले जाते. कापलेली रक्कम पंचायतीची नसते. ती ठरलेल्या मुदतीत संबंधित विभागाकडे भरायची असते. कपात केली पण भरणा केला नाही, अशी रक्कम खात्यात पडून राहते, शिल्लक फुगलेली दिसते आणि व्याज व दंड मात्र वाढत राहतो. प्रत्येक कपातीसमोर चलनाचा क्रमांक व तारीख मागावी.

साठा, मालमत्ता आणि राखीव खर्च

नमुना १५ मधील साठ्यासाठी एकाच दिवसाची प्रत्यक्ष मोजणी पुरेशी होते. पथदिव्यांचे बल्ब, पाइप, टीसीएल पावडर यांची वहीतील शिल्लक आणि कपाटातील शिल्लक जुळवावी. टीसीएल पावडरच्या बाबतीत थोडे अधिक थांबावे: वर्षभरातील खरेदी आणि दररोज पाणी शुद्धीकरणासाठी लागणारे प्रमाण यांचा मेळ बसत नसेल, तर प्रश्न पैशाइतकाच आरोग्याचाही आहे. नमुना १६ मधील संगणक, खुर्च्या, मोटार पंप हे जागेवर पाहून त्यांच्यावर क्रमांक टाकलेले आहेत का ते बघावे. नमुना २२ आणि २४ मधील इमारती व जमिनींची नोंद गावठाण आणि सातबाऱ्याशी जुळते का, यासाठी दरवर्षी काही थोड्या मालमत्ता निवडल्या तरी तीन-चार वर्षांत सगळ्या तपासून होतात.

स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचा असतो. येथे दोन प्रश्न विचारावेत. टक्केवारी कोणत्या उत्पन्नावर काढली, आणि मागील वर्षी न झालेला खर्च या वर्षीच्या तरतुदीत मिळवला का? त्यानंतर लाभ मिळालेल्या दोन-तीन व्यक्तींना भेटून वस्तू किंवा रक्कम प्रत्यक्ष हाती आली का, हे विचारावे. यादी वाचून समाधान मानू नये. ज्या माणसासाठी हा निधी आहे तो माणूस गावातच राहतो.

कारभारावरील देखरेख

हिशेब बरोबर असूनही कारभार चुकीचा असू शकतो, म्हणून पथकाने इतिवृत्तेही वाचावीत. मासिक सभा दर महिन्याला झाली का, गणपूर्ती होती का, खर्चाची यादी सभेत वाचून मंजूर झाली की नंतर लिहिली गेली, ठरावाला सूचक व अनुमोदक कोण होते, विरोध नोंदवला असेल तर तो शब्दशः लिहिला आहे का, आणि दोन ठरावांमध्ये पुढे काही लिहिता येईल अशी कोरी जागा सोडली आहे का, हे पाहावे. एखाद्या सदस्याचा किंवा त्याच्या भागीदाराचा पंचायतीच्या कामात किंवा करारात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे, हेही कलम १४ खाली अनर्हतेचे कारण आहे. यासाठी वर्षभरात रक्कम मिळालेल्या सर्व पुरवठादारांची व ठेकेदारांची रकमेसह एकत्रित यादी करावी आणि ती सभेत मोठ्याने वाचावी. नातेसंबंध गावाला ठाऊक असतात. यादी समोर आली की प्रश्न आपोआप विचारले जातात.

ऑनलाइन अदायगीमुळे एक नवा धोका आला आहे आणि त्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. अदायगीला आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात, म्हणजे एकाच्या चुकीला दुसऱ्याने अटकाव करावा अशी रचना आहे. परंतु दोघांचे डोंगल (डिजिटल स्वाक्षरी साठवलेले छोटे उपकरण) आणि पासवर्ड संगणक परिचालकाच्या खणात एकत्र असतील, तर दोन सह्यांचा काहीच उपयोग राहत नाही. डोंगल कोणाकडे असतो, पासवर्ड कोणाला माहीत आहे, नोंदणीकृत मोबाइल क्रमांक कोणाचा आहे, हे तीन प्रश्न प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. सरपंच महिला असतील तेथे त्यांचा डोंगल आणि मोबाइल त्यांच्याच हाती असावा. महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि त्या अधिकाराची वापरण्याची जागा हीच आहे. घरातील दुसऱ्या कोणी त्यांच्या वतीने अदायगी मंजूर करत असेल, तर तो दोष पथकाने संकोच न करता नोंदवावा.

अहवाल आणि ग्रामसभा

अहवाल लहान ठेवावा, पण प्रत्येक मुद्द्यात काय पाहिले, काय आढळले, कोणत्या नोंदवहीच्या कोणत्या पानावर आढळले, रक्कम किती, आणि ती दुरुस्त कोणी व कोणत्या तारखेपर्यंत करायची, हे असावे. जेथे काही आढळले नाही तेथेही काय तपासले ते लिहावे. नाहीतर न तपासलेले आणि निर्दोष आढळलेले यांत फरक राहत नाही. आरोपाची भाषा वापरू नये. प्रमाणक दाखवले गेले नाही असे लिहावे, पैसे खाल्ले असे लिहू नये. मसुदा ग्रामपंचायत अधिकारी व सरपंच यांना देऊन त्यांचे लेखी उत्तर घ्यावे आणि ते उत्तर अहवालातच जोडावे. अपहाराची स्पष्ट शंका असल्यास मात्र ग्रामसभेची वाट न पाहता गटविकास अधिकाऱ्यांना तत्काळ लेखी कळवावे आणि संबंधित वह्या, पावती पुस्तके व बँक विवरणे यांचा पंचनामा करून त्या सुरक्षित ठेवाव्यात.

आर्थिक वर्षातील पहिली ग्रामसभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत घ्यायची असते, म्हणजे ३१ मे ही तिची अखेरची मर्यादा आहे. अनेक गावांत ती १ मे रोजी होते. या सभेपुढे वार्षिक हिशेब, मागील वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि मागील लेखापरीक्षण टिप्पणी व तिला दिलेली उत्तरे ठेवणे अधिनियमाने बंधनकारक केले आहे. अंतर्गत तपासणीचा अहवाल याच कागदांसोबत यावा. एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती मानली जाते. तेवढी माणसे आकडे ऐकायला यावीत यासाठी जमाखर्चाचा एक पानाचा गोषवारा आठवडाभर आधी सूचनाफलकावर लावावा आणि गावाच्या समाजमाध्यम गटांवरही पाठवावा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य पंचायतीवर टाकलेलेच आहे. सभेत आकडे वाचताना शिल्लक, थकबाकी, मोठी कामे आणि आढळलेल्या उणिवा एवढेच सावकाश वाचावे. नमुना ३ मधील प्रत्येक ओळ वाचू लागल्यास लोक ऐकणे सोडून देतात.

लेखापरीक्षकांच्या आक्षेपांची पूर्तता

स्थानिक निधीचे लेखापरीक्षक आले की त्यांची अर्धसमास पत्रे, म्हणजे प्राथमिक आक्षेपांची लेखी विचारणा, तपासणी चालू असतानाच मिळतात, आणि तेथेच कागद दाखवून सोडवलेला मुद्दा अंतिम अहवालात येत नाही. हा सर्वांत स्वस्त टप्पा आहे; अंतर्गत तपासणी झालेली असेल तर बहुतेक उत्तरे तयारच असतात. अंतिम अहवालातील प्रत्येक आक्षेपाची नोंद नमुना ३० मध्ये घ्यावी आणि पूर्ततेचे मासिक विवरण नमुना २७ मध्ये द्यावे. ऑडिट ऑनलाइन या केंद्राच्या संगणकीय लेखापरीक्षण प्रणालीवर आलेल्या आक्षेपांची उत्तरेही त्याच मजकुराशी जुळणारी असावीत.

पूर्तता म्हणजे काय, याबाबत गैरसमज आहे. ‘नोंद घेतली, यापुढे दक्षता घेण्यात येईल’ हे वाक्य पूर्तता नव्हे. प्रमाणक उपलब्ध नव्हते असा आक्षेप असेल तर ते प्रमाणक जोडावे. जादा अदायगी झाली असेल तर वसुली करून चलन जोडावे. मंजुरी घेतलेली नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याची कार्योत्तर मंजुरी मागावी आणि ती मिळेपर्यंत मुद्दा उघडा ठेवावा. आक्षेपच मान्य नसेल तर नियमाचा आधार देऊन सविस्तर उत्तर द्यावे. दर मासिक सभेत प्रलंबित आक्षेपांचा विषय कायमचा ठेवावा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे जबाबदार व्यक्तीचे पदनाम लिहावे. पाच-सहा वर्षांपूर्वीचे आक्षेप पडून असतील, तर रकमेने मोठे आणि कागद मिळण्याची शक्यता असलेले आधी घ्यावेत.

कार्यभार बदलताना काळजी अधिक घ्यावी लागते. अधिकारी बदलून जात असतील किंवा निवडणुकीनंतर नवे सरपंच येत असतील, तेव्हा कार्यभार यादीत रोकड वहीची त्या दिवसाची शिल्लक, प्रत्येक बँक खात्याची शिल्लक, हातातील पावती पुस्तकांचे व कोऱ्या धनादेशांचे क्रमांक, मोजमाप वह्या, साठा, आणि प्रलंबित आक्षेपांची यादी असावी. जाणाऱ्याने व येणाऱ्याने त्या यादीवर एकाच दिवशी सह्या कराव्यात, जुन्या डिजिटल स्वाक्षरीचा अधिकार त्याच दिवशी बंद करण्याची विनंती पाठवावी, आणि एक प्रत पंचायत समितीत, एक कार्यालयात व एक पुढील वर्षीच्या तपासणी पथकासाठी वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी.